शनवारची चूल

६ जाने., सोम.
पुस्तकवाल्या बाईचा फोन, तिसऱ्यांदा. आमच्या यहुदी आश्रमात वाढलेल्या लेकरांच्या जिनगानीचं पुस्तक करून राहिली. "आजी, तुमच्याबी आठवणी सांगा." म्हणलं, मायबाप मेले, आश्रमानं वाढवलं, हाकललं. लिही. झालं तुझं पुस्तक.
मंग तिनं दिनानं सांगितलेलं वाचून दाखवलं. दिना माझी धाकटी बहीण, इस्रायलात ऱ्हाती. "माझ्या बहिणीनं शनिवारी चूल पेटवून धर्म मोडला, म्हणून तिला काढलं."
बराबर. कुणासाठी पेटवली ते गिळून बसली भवानी.

७ जाने.
आश्रमातली रिबका मी. सेनगावात गवंड्याची बायको होऊन आले, तवापासून रुखमाबाई.
शनवार यहुद्यांचा इसाव्याचा वार, आश्रमात चूल बंद. शुक्रवारचं गार खायचं. दिनाला ताप. "ताई, ऊन पेज दे," रडून राहिली. दिली. आश्रमाच्या मोठ्या बाईनं इचारलं, काडी कुणी ओढली? दिनानं बोट केलं. ओठाला पेज तशीच.
तिला पुढं इस्रायलला धाडलं. मला लोकाच्या घरी भाकरी थापायला.

८ जाने.
पुस्तक छापायच्या आधी दिना भेटाया येऊन राहिली. नात वैशू नाचून राहिली, पाहुणी येणार म्हणून. पाहुणी कशाची. साक्षीदार हाय ती.

१० जाने., शुक्र.
जीपीतून उतरली. गुडघे तिचेबी गेले. बरं झालं.
दारात चौकटीला हात लावून बोटांचा मुका घेतला. आश्रमाच्या चौकटीला देवाचा लेख असायचा. माझ्या चौकटीला लिंबू-मिरची.
म्हणलं, "पुस्तकात खरं घाल."
"ताई, आजाऱ्यासाठी पेटवलेली चूल पाप नसते गं. तिकडं गेल्यावर कळलं मला."
"कवा?"
"... पहिल्याच वर्षी."
साठ वर्सं! "मंग एक कारड टाकाया हात झडले व्हते तुझे?"
दिवस मावळला की त्यांचा शनवार लागतो, त्याच्या आत मेणबत्त्या लावल्या तिनं. मी पाठ करून बसले.

११ जाने., शनि.
गॅस असून चुलीला बसले. तिच्याम्होरंच काडी ओढली. पेज केली, तशीच, नुसतं मीठ. शनवारी शिजलेलं तिला चालत न्हाई, ठाऊक हाय मला. आज तापबी न्हाई तिला.
वाटी सरकवली. "खा. मी न्हाई कुणाकडं बोट करणार."
वैशू म्हणे, "आजी, काहून छळून राहिली?"
पुस्तकात खरं घालायचं अजून ठरलं न्हाई दिनाचं. वाटीबी तशीच. वाफ सरून राहिली.