राखून ठेवलेला नफा बघून आले

त्या कंपनीच्या अहवालाचं ऐंशी पानांचं बाड पाठवताना तिकीट अर्ध्याच वजनाचं लावलंस, बाकीचे पैसे पोस्टात मी भरले, हे आधी सांगते. त्यात अक्षर मुंगीच्या पायाएवढं. माझ्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे हे तुला ठाऊक आहे, आणि दुसरा पाचवीपुढे शिकलेला नाही.

असो. क्लॅरी, मर्लताईचा आशीर्वाद. तुझं पोट ताळ्यावर असेल. तिकडे एस्परन्सला समुद्राचा वारा असतो, त्यामुळे माणसं म्हातारी होत नाहीत, नुसती बावळट होतात. इथे कॅलगुर्लीत त्रेचाळीस अंश आहे. कोंबड्या चोच उघडून बसल्यात, मीही.

तर तू लिहिलंस, बायकोच्या, नोरीनच्या गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी ठेवलेले तीस हजार डॉलर या ‘लेम एमू’ सोन्याच्या कंपनीत घालतोस, आणि तिला सांगू नको. का, तर त्यांच्या ताळेबंदात ‘राखून ठेवलेला नफा तीस लाख’ छापलंय, म्हणजे कंपनी बुडायची नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. राखून ठेवलेलं म्हणजे आपल्या आईचे पैसे पिठाच्या डब्यात असायचे तसं काहीतरी. (कमी पडले की तुझ्या बाहीला पीठ सापडायचं.) म्हणून कंपनीच्या वार्षिक सभेला गेले. हॉटेलची मागची खोली, सोळा माणसं, एक पंखा, आणि कडा वाळून वर वळलेली काकडीची सँडविचं. कंपनीचा मुख्य माणूस डॅरिल, म्हणजे बेकरीवाल्या डल्सीचा धाकटा. लहानपणी आमच्या कुंपणावरून जर्दाळू चोरायचा, आता टाय लावतो. कोणाला काही विचारायचंय का, म्हणाला. मी उठले (गुडघे मलाही आहेत, पण त्यांची चौकशी कोण करतो) आणि म्हटलं, "डॅरिल, ते तीस लाख ठेवलेत कुठे? मला बघायचेत."

सगळे हसले. तो म्हणाला, "मर्लआजी, ते बँकेत नसतात हो. ते जमिनीत आहेत."

"अरे मेल्या, तुम्ही जमिनीतून काढायला बसलात ना? उलटं आत घालायला कोणी सांगितलं?"

पंचावन्न वर्षांचा बाप्या, पण कानापर्यंत लाल झाला. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीतून नव्वद किलोमीटर खडबडीत मातीच्या रस्त्याने घेऊन गेला. माझी कवळी दोनदा मांडीवर पडली. तिथे त्याने नफा दाखवला. हा आलो तो रस्ता नफ्यातून, म्हणाला. तो दगड फोडायचा क्रशर नफ्यातून. (त्याच्यावर गुलाबी काकाकुव्यांनी संसार मांडलाय.) हा खड्डा, आणि खड्ड्यातलं पाणी उपसायचा हा पंपही नफ्यातून. खड्ड्यात हिरवं खारं पाणी, पंप बंद. माझ्या डोक्यात जे शिरलं ते असं: सुरुवातीपासून वर्षावर्षाला जे कमावलं, त्यातून तोटा आणि भागधारकांना वाटलेला नफा वजा करून जो आकडा उरतो, तो हा. कमावलं तेव्हा पैसे खरेच होते, पण मग त्यांचं लोखंड झालं. आकडा मात्र कागदावर तसाच बसून राहतो.

"आणि बँकेत किती?"

"चार महिने निघतील," डॅरिल खड्ड्याकडे बघत म्हणाला. म्हणून तर नवे शेअर काढलेत, आणि म्हणून तो रंगीत फॉर्म तुझ्यासारख्याकडे आला.

मला आमचा वॉली आठवला. चाळीस वर्षं नवऱ्याने खाणीत कमावलं, दारूवर उडवलं नाही, घोड्यांवर लावलं नाही, मलाही दिलं नाही. सगळं राखून ठेवलं शेडमध्ये: तीन गाड्यांचे सांगाडे, सात इंजिनं, एक बोट (समुद्रापासून चारशे किलोमीटरवर). तो गेल्यावर भंगारवाल्याने सगळ्याचे तीनशे चाळीस दिले, आणि चढवायला हात लावा म्हणाला. म्हणजे वॉलीचा राखून ठेवलेला नफा भरपूर होता, पण त्याला पुरायला मी पैसे उसने घेतले.

जाताजाता डॅरिल हेही बोलला की नुसतं सोनं शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांच्या त्या रकान्यात बहुतेक उणेच असतं, कारण सापडेपर्यंत खर्चच. तेव्हा उणे दिसलं म्हणून चोर नाही आणि अधिक दिसलं म्हणून सावकार नाही. बँकेत रोकड किती, ती किती महिने पुरेल, जमिनीत सोनं किती आणि ते मोजलं कोणी, हे विचार. ते चाळिसाव्या पानावर आहे. तू सहाव्यावर थांबलास.

दमले. हातही दुखतोय.

तुझी बहीण,
मर्ल

ता. क. सभेत फक्त भागधारकांना बोलू देतात, म्हणून मी लेम एमूचे पाचशे डॉलरचे शेअर घेतले. आज ते दोनशे ऐंशीचे आहेत. तुला एवढीच हौस असेल तर माझे घे, पाचशेलाच देते, घरचा माणूस म्हणून.

आणखी ता. क. नोरीन, पाकीट मुद्दाम तुझ्या नावाने टाकलंय. वाचून झालं की त्याला दे. पैसे अजून बँकेत आहेत का ते मला कळव. तूच लिही, त्याच्या हाती पेन देऊ नकोस.