जवसाच्या तेलातली नळी

आई, आज वर्गात एका मुलीनं मला कोंडीत पकडलं. दर वर्षी पहिल्या तासाला मी काचेची नळी तेलात बुडवते आणि ती मुलांच्या डोळ्यांदेखत नाहीशी होते. ती म्हणाली, "मॅडम, शेंगदाण्याच्या तेलात जवसाचं मिसळायचं, हे तुम्हाले सुचलं कसं?" मी म्हणाले, "करता करता जमलं." तू जाऊन अठरा वर्षं झाली, तू होतीस तेव्हापासून हेच सांगत आलेय.

जमलं होतं तुला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तू काचसामान धुवायचीस, आणि काठ उडालेली एक नळी माझ्या शाळेच्या प्रयोगासाठी मागून आणली होतीस. प्रताप नगरच्या एवढ्याशा स्वयंपाकघरात मी पुस्तक धरून बसलेय, नुसत्या शेंगदाणा तेलात नळी पुसट दिसतेच आहे, मी रडकुंडीला आलेय. तू जवसाचं तेल चमचा चमचा ओततेस, वाकून बघतेस, पुन्हा ओततेस. "पाह्य वं, गेली!" आणि लहान पोरीसारखी टाळी वाजवतेस.

मग कळमेश्वरचं विज्ञान प्रदर्शन. टिनाच्या छपराखाली दुपारी तेल तापलं आणि ऐन परीक्षकांसमोर नळी परत दिसायला लागली. माझी पाचावर धारण बसली. मागे डबा घेऊन उभी असलेली तू म्हणालीस, "साहेब, तेल तापलं ना, म्हणून दिसून राहिली. ओलं फडकं गुंडाळलं की जाईन." "तू चूप राय आई, तुले काय समजते?" मी सगळ्यांसमोर खेकसले. परीक्षक हसले. तू बाहेर जाऊन उभी राहिलीस. ते पुढच्या टेबलाकडे वळताच मी गुपचूप फडकं ओलं केलं, त्यांना परत बोलावलं आणि पहिला नंबर घेतला. वहीत लिहिलं, तापमानाचा परिणाम माझ्या लक्षात आला. लाज वाटते गं, फार लाज वाटते. परतताना बसमध्ये तू काही झालंच नाही अशा आवाजात विचारलंस, "तापलं की काहून दिसते वं?" मी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तुले नाही समजणार."

आता ऐक. काच दिसते ती तिच्या काठाशी प्रकाश वळतो म्हणून. तेल आणि काच प्रकाशाला सारखंच वागवत असतील तर मध्ये काच लागल्याचं त्याला कळतच नाही, तो सरळ निघून जातो. तेल तापलं की विरळ होतं, काच जवळजवळ तशीच राहते. जुळणी मोडते आणि काठ उघडे पडतात. माझं आजचं संशोधन याच्या पुढचं. प्रकाशानं वस्तूला वळसा घालून पलीकडे पुन्हा आपल्या वाटेला लागावं, म्हणजे मागचं दिसेल आणि वस्तू दिसणार नाही. तळहाताएवढ्या वस्तूलाही ते अजून धड साधत नाही. तुला हे सगळं पाच मिनिटांत समजलं असतं.

उद्या त्या मुलीला खरं सांगायचं ठरवलंय. असं ठरवून मी याआधीही गप्प बसलेय, तेव्हा माझा भरवसा धरू नकोस. हे पत्र तर कुठेच जाणार नाही, म्हणून इथे लिहिते: बसमध्ये तू विचारलंस तेव्हा उत्तर मलाच येत नव्हतं. पुढे आलं, तोवर तू विचारणं सोडलं होतंस, आणि मला तेच बरं वाटलं.