डाव्या टोकाचे ऑलिव्ह

प्रिय ठकू,

पाकीट बघून दचकू नकोस. बाबांचा खांदा सोडला तर सगळे धडधाकट आहेत. आईचं पत्र आलं म्हणजे आभाळ कोसळलं असणार असं तुला वाटेल, कारण आजवर मी तुला एकदाच पत्र लिहिलंय, तेही शाळेच्या सहलीच्या डब्यात, चपला हरवू नकोस म्हणून. (हरवल्यासच.) हे जरा लांबेल. दुपारची गर्दी ओसरलीय, खुर्च्या उलट्या करून टेबलांवर टाकल्यात, बाबा खांद्याच्या व्यायामाला गेलेत आणि मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून लिहितेय. कागदाला लसणाचा वास येईल, त्याला इलाज नाही.

दुकान आहे तसंच आहे. बारा वाजले की समोरच्या तिन्ही इमारतींना एकदम भूक लागते आणि आपल्या दारापासून फुटपाथपर्यंत रांग जाते. प्रत्येकाला वीस मिनिटांत जेवून परत खुर्चीवर जायचं असतं आणि प्रत्येकाला वाटतं की घाई फक्त आपल्यालाच आहे. मी तीन वाजेपर्यंत तीच ती वाक्यं बोलते. पिटा की भात, हमस घालू का, तिखट किती, कांदा चालेल ना, इथे खाणार की नेणार. परवा घरी बाबांनी चहा मागितला तर माझ्या तोंडून निघालं, इथे पिणार की नेणार. ते खो खो हसले. मला काही हसू आलं नाही. काचेपलीकडची माणसं मला कमरेपासून वरचीच दिसतात. इतकी वर्षं मी टाय, गळ्यातली ओळखपत्रं आणि हळूहळू सुटत गेलेली पोटं बघतेय. बाहेर ऊन आहे की पाऊस, हे मला त्यांच्या खांद्यांवरून कळतं. बारा वाजता जेवणारं जग वेगळं आणि बारा वाजता वाढणारं वेगळं, आणि एकदा वाढणाऱ्यांत जाऊन उभं राहिलं की पलीकडे जायला वाट नसते. हे मी कुणापाशी बोलले नाही, तुझ्या बाबांपाशी तर मुळीच नाही.

त्यांचं ते रोजचं वाचन मात्र अखंड चालू आहे. शटर अर्धं खाली आलं की चष्मा कपाळावर, फोन हातभर लांब, आणि आज दुकानाला कुणी किती तारे दिले इथून सुरुवात. कुणी म्हणतं हमस लोण्यासारखं, कुणी म्हणतं भिंतीच्या भेगा बुजवायला बरं. वाटलेल्या चण्यांचं पातेलं तेच, दिवस तोच. एकाने लिहिलं, तळलेलं फलाफल बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, पाच तारे. त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं, बाहेरून कडक, आतून ओलं, दोन तारे. व्यक्ती तितक्या प्रकृती, असं म्हणून मी भांड्यांकडे वळते. बाबांना ते जमत नाही. मध्ये एक बाई लिहून गेली की ती भूमध्य समुद्राकाठी तीन वर्षं राहून आलीय आणि ही ती चव नव्हेच. आठवडाभर त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. त्यांनी स्वतः तो समुद्र उभ्या जन्मात पाहिलेला नाही. ज्या म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली ते हे सगळं शिकले, त्याच्या शब्दावर आमचा सगळा कारभार. त्या बाईचं वाक्य त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं आणि नंतर कुणी कितीही कौतुक केलं तरी निघालं नाही.

उत्तरं लिहायचं काम तू गेल्यावर माझ्या गळ्यात पडलं. 'भात गार होता, काउंटरवरची बाई मात्र गरम' असं एका महाभागाने लिहिलं. त्यावर मी आधी जे लिहिलं ते लेकीला सांगण्यासारखं नाही. मग ते पुसलं आणि 'आपल्या अभिप्रायाबद्दल मनापासून आभार, आम्ही जरूर सुधारणा करू' असं टाकलं. मनापासून म्हणे! रोज मी माफी मागते, ज्यांचे चेहरे आठवत नाहीत त्यांची, आणि जे घडलं की नाही ठाऊक नाही त्याबद्दल. कधीतरी वाटतं, एखाद्याला खरं लिहावं, की बाबा रे, त्या दिवशी मला ताप होता आणि तुझा भात वाढून मला दोन मिनिटं बसायचं होतं. पण गिऱ्हाइकाला बाईचा ताप नको असतो, भात गरम हवा असतो. त्यांचंही चूक नाही. अडकलीय ती मी, ते बिचारे जेवून जातात.

एक गोष्ट तुला कधी बोलले नाही. तू कॉलेजातून थेट काउंटरला येऊन उभी राहायचीस, त्या वर्षातली. भर रांगेत तू दही आणायला मागच्या थंड खोलीत गेलीस ती आलीच नाहीस. मी जाऊन दार उघडलं. दह्याच्या बादल्यांमध्ये, भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून तू उभी होतीस. रडत नव्हतीस. नुसती उभी होतीस, कारण सबंध दुकानात तुला कुणी हाक मारणार नाही अशी तेवढी एकच जागा होती. मी आवाज न करता दार लोटलं आणि रांगेला सांगितलं, दही संपलंय. हल्ली मी जाते तिथे. बाहेर आले की बाबा विचारतात, काय शोधत होतीस, आणि मी सांगते, लिंबं. तू कवळ्या बनवायचं शिकायला परगावी निघालीस तेव्हा बाबा म्हणाले होते, लोकांच्या तोंडी घास घालायचं सोडून ही दात घालायला चालली. आपण सगळे हसलो. मग तुझ्या बॅगेची चेन अडकतेय म्हणून ते कितीतरी वेळ तिला मेण लावत बसले. ती चेन अजिबात अडकत नव्हती, ठकू. तुलाही ते दिसत होतं.

आणि तू किती छान रुळलीस! त्या आजीबाईंची गोष्ट तू फोनवर सांगितलीस ना, तू घडवलेली कवळी घालून त्या आरशात बघत बसल्या आणि मग हसताना तोंडावर हात न घेता हसल्या, ती मी इथे निदान दहा जणांना ऐकवली असेल. तू एका दमात बोलत होतीस. इतकी वर्षं माझ्या शेजारी उभी राहून तुझा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. बसायला खिडकीजवळचं टेबल मिळालंय, म्हणालीस. तो सबंध दिवस मी ती खिडकी मनात घेऊन हिंडले.

त्यानंतरच ती नवी मतं यायला लागली. तुलाही ती पाठ झाली असतील, कारण बाबा दर रविवारी फोनवर तुला वाचून दाखवत होते. 'ती हसऱ्या चेहऱ्याची मुलगी कुठे गेली? तिच्याशिवाय इथे जेवणात राम नाही.' मग पंधरा दिवसांनी दुसऱ्याच कुणाचं, 'चव तीच आहे, पण ती मुलगी नाही तर दुकान ओकंबोकं वाटतं.' मग तिसरं. त्यात बाबांचा खांदा धरला. भिजलेल्या चण्यांचं पातेलं त्यांना उचलवेना, म्हणून मी तात्पुरती मदतीला एक बाई बोलावली. आधी बसवर कंडक्टर होत्या. आवाज असा की एकदा 'पुढे सरका' म्हणाल्या की रांग तर सरकतेच, मीसुद्धा सरकते. पण बाबा त्यांच्याशी धड बोलेनात. आणि मागच्या रविवारी तू म्हणालीस, आई, मी महिनाअखेरीला नोकरीचा राजीनामा देते आणि परत येते, लोक माझी वाट बघतायत आणि मी इथे कसली बसून राहिलेय. फोन स्पीकरवर होता. बाबा दिवसभर शीळ घालत होते. मी चणे निवडत होते.

मंगळवारी काउंटरची काच पुसायची होती. आतून मी रोज पुसते, बाहेरून कंडक्टरबाई पुसतात, पण त्या बँकेत गेल्या होत्या म्हणून मीच बाहेर गेले. पुसता पुसता मनात शेवटचं मत घोळत होतं, 'डाव्या टोकाला, ऑलिव्हच्या ट्रेशेजारी ती उभी असायची, ती जागा आता बघवत नाही.' मी सहज डावीकडे बघितलं. डावीकडे पिटाची भट्टी होती. ऑलिव्ह उजवीकडे, गल्ल्यापाशी. मी फडकं हातात धरून तशीच उभी राहिले. बाहेरून बघणाऱ्याला ऑलिव्ह उजव्याच टोकाला दिसतात, ठकू. डावीकडे ते फक्त आपल्याला दिसतात, आत उभं राहणाऱ्यांना. गिऱ्हाईक म्हणून त्या काचेसमोर आयुष्यात कधी न उभा राहिलेला माणूसच असं लिहील. मग आत येऊन मी ती सगळी मतं पुन्हा वाचली. सगळ्यांनी चारच तारे दिलेले. इतकं गोड लिहायचं आणि तारे चार! पूर्ण गुण कुणाच्या हातून सुटत नाहीत हे तुझ्या दहावीच्या निकालापासून तुला आणि मला चांगलं माहीत आहे.

पहिल्यांदा संताप आला. वाटलं, पातेलं आपटावं आणि विचारावं, ही कसली थेरं या वयात. मग बाबांकडे बघितलं. ते डाव्या हाताने, अवघडून, पिटाच्या कडा दाबत होते. ज्या माणसाला पोटच्या पोरीला 'तू ये, मला करमत नाही' एवढं म्हणता येत नाही, त्याने बिचाऱ्याने तीन खोटी गिऱ्हाइकं उभी केली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला बोलणार? आणि खरं सांगते, मला क्षणभर मोह झाला. वाटलं, मूग गिळून बसावं. आपोआप येतेय तर येऊ दे. सकाळी भट्टी पेटवताना शेजारी तू असशील. मला तुझी इतकी आठवण येते की कधीकधी गिऱ्हाइकाने दुसऱ्यांदा मागेपर्यंत त्याचं ऐकूच येत नाही.

बुधवारी मी त्या मताखाली दुकानातर्फे उत्तर लिहिलं. 'आपल्या प्रेमाबद्दल आभार. ती मुलगी जिथे आहे तिथे फार आनंदात आहे. आपल्याला तिची आठवण येते तशी आम्हालाही येते, पण तिला आता बोलावू नये ही विनंती.' लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी त्यांना लिहिलेलं हे पहिलंच पत्र म्हणायचं, आणि ते साऱ्या जगाला वाचता येतंय. संध्याकाळी बाबांनी फोन उघडला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि ते उत्तर वाचलं. त्या दिवशी मोठ्याने काहीच वाचून दाखवलं नाही. शटर ओढताना त्यांनी एवढंच विचारलं, तिच्या तिकडे थंडी फार पडते का गं? मी म्हटलं, पडते. मग रजई पाठवायला हवी, असं म्हणाले आणि माझ्या हातातून कुलूप घेतलं. रजई येतेय, पार्सल सोडवून घे.

आता हे पत्र कशासाठी ते सांगते. फोनवर सांगता आलं नसतं, कारण बाबा शेजारी असतात, आणि तुझा आवाज ऐकला की माझं अवसान गळतं. राजीनामा देऊ नकोस. दिला असलास तर उद्याच्या उद्या साहेबांसमोर उभी राहा आणि परत माग. तुझी वाट बघणारी तीन गिऱ्हाइकं नाहीत, एक बाप आहे, आणि तो राहील तुझ्याशिवाय, मी आहे ना. त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस, रविवारी नेहमीसारखीच चिडव. काल मी कंडक्टरबाईंना कायमचं ठेवून घेतलं. तुझी खुंटी त्यांना दिली, तुझा एप्रन उसवून त्यांच्या मापाचा केला, आणि दुकानाची तिसरी किल्ली, जी तू जाताना माझ्या हातावर ठेवली होतीस, तीही देऊन टाकली. हे सगळं मी मुद्दाम केलं, म्हणजे मलाच उद्या मागे फिरता येऊ नये. सुट्टीत ये, चार दिवस राहा, टेबलावर बसून पोटभर जेव, मी वाढते. पण काउंटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. तुझी जागा भरली, ठकू. इथे आता तुझ्यासाठी काम नाही.

तुझीच,
आई