हातांना मनाई

२० एप्रिल १९३८, सारंगखेडा
जमना आली! बैलांच्या दमणीतून उतरली तशी मी हातांनी विचारलं, जेवलीस का? तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. आठ वर्षांची माझी पोर, जन्माची बहिरी. आमचं सगळं हातांवर चालायचं — भूक, रुसवा, शेजारणीच्या चहाड्यासुद्धा! मुंबईच्या त्या मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेने वर्षभरात काय केलं हिला?

२१ एप्रिल
तिथे हातवारे केले की छडी. समोरच्याचे ओठ पाहायचे, तोंडाने बोलायचं, असा नेम. हे मोठ्या कौतुकाने सांगत होते — गावच्या शाळेचे मास्तर ना, शिस्त म्हटली की खुलतात! आता घरातही हात बंद. "तू हात केलेस की तिचं शिकणं फुकट गेलं." मी मान डोलावली. लेक कधीतरी बोलेल, ही आशा कुणाला सुटते?

२५ एप्रिल
जमना "पाणी" म्हणाली! घोगरं, तुटकं, पण पाणीच. सासूबाईंनी गल्लीत गूळ वाटला. "मन्ही नात बोलनी वं!" हे तर तिच्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतात, दर वेळी पाठीवर शाबासकी. मीही रडले. माझ्याशी मात्र ती काहीच बोलत नाही.

३० एप्रिल
ऊन. पाय सुजलेत. नववा महिना सरत आला.

४ मे
दिवेलागणीला जमना गोवऱ्यांच्या खोपीतून धावत आली. "पाणी! पाणी!" यांनी हसत पेला भरला. पुन्हा "पाणी!" — पुन्हा पेला. "बघ, आता मागून घेते!" पुढचा पेला तिने भिरकावला, तेव्हा कुठे मी कंदील खाली धरला. तिचा पाय टम्म सुजलेला. विंचू!

पोरीकडे तेवढा एकच शब्द होता. तोच ओरडत होती, आणि आम्ही पाणी पाजत होतो. धिक्कार असो आमचा!

सासूबाई यांच्यावर कडाडल्या, "हात बांधी ठेवाले ती काय ढोर शे का रे?" पण नेम तोच.

७ मे
जमनाचा ताप उतरला. पाय टेकते आता. जूनमध्ये परत मुंबई — नको म्हटलं, तर हे ऐकायलाच तयार नाहीत.

१३ मे
मुलगा झाला. सासूबाईंनी चालीप्रमाणे दाराशी थाळी बडवली. कानठळ्या बसल्या! बाळ गाढ झोपेत. "गुनी शे," म्हणाल्या.

२० मे
घरात आम्ही तिघंच. बाळ टक्क जागं. जमनाने त्याच्या मागे तांब्या आपटला. पुन्हा आपटला. त्याची पापणीही लवली नाही.

मग तिने दाराकडे पाहून घेतलं, आणि हात बाहेर काढले. बोट बाळाच्या कानावर, मग स्वतःच्या. मिशीला पीळ — म्हणजे हे. आणि तळवा आपल्याच तोंडावर घट्ट दाबून धरला.

काळजाचं पाणी झालं माझ्या. मीही हातांनीच म्हटलं — नाही सांगणार.