मधमाशी अपघात : शून्य

८ जून, रविवार
आजपासून भोपळ्याची नोंदवही सुरू. फक्त माझ्यापुरती. बोम्मसंद्र्याच्या पंप फॅक्टरीत एकतीस वर्षं क्वालिटी सांभाळली, नोंद केल्याशिवाय एक वॉशर गेटबाहेर जाऊ दिला नाही. रिटायर झालो म्हणून सवय सोडायची की काय?

स्मिताने तिच्या आईच्या भोपळ्याच्या बिया काढल्या. सासूबाई, विठाबाई, जाऊन दीड वर्ष झालं. राखेच्या डब्यात पाचच बिया निघाल्या. निपाणीला मेहुणा संग्राम असतो, त्याच्याकडचं बी गेल्या पावसात सडलं. म्हणजे हा वाण आता फक्त आमच्या डब्यात. संग्राम दसऱ्याला येणार आणि नवं बी घेऊन जाणार, असं ठरलं आहे.

स्मिता म्हणाली, मी लावते. म्हटलं, इतकी महत्त्वाची गोष्ट सिस्टिमशिवाय करायची नाही, मी लावतो. ती गप्प बसली. मी ती संमती धरली.

२२ जून, रविवार
पाचही उगवली. इन्स्पेक्शन केलं. चार रोपं ए-ग्रेड. पाचवं वाकडं, एक पान चुरगळलेलं. फॅक्टरीतून आणलेले लाल टॅग आज उपयोगी पडले. देठाला टॅग बांधला : 'रिजेक्ट', तारीख, सही. मातीसकट उचलून कचऱ्याच्या कुंडीवर ठेवलं. स्मिता म्हणाली, पाचातलं एक टाकताय? म्हटलं, एका कमजोर पीसमुळे अख्खी बॅच बदनाम होते.

संध्याकाळी रोप कुंडीवर नव्हतं. गाय असेल.

६ जुलै, रविवार
लाल भुंगेरे आले. एवढे एवढेसे, पण पानांची चाळण केली. भिंतीपलीकडच्या कावेरी अक्का डोकावल्या. म्हणाल्या, भुंगेरे पहाटे सुस्त असतात, तेव्हा एकेक उचलून साबणाच्या पाण्यात टाकायचे, आणि पानांवर स्वल्प राख. स्मिता म्हणाली, आईसुद्धा हेच करायची.

दोघींना शांतपणे समजावलं. एक, पहाटे माझा वॉक असतो. दोन, 'स्वल्प' हे माप नाही.

७ जुलै, सोमवार
नर्सरीवाला एक पावडर देत होता, एका फवाऱ्यात सगळं साफ. मधमाश्यांचं काय, विचारलं. म्हणाला, त्यापण साफ. तसाच परत आलो. कोपऱ्यावरच्या शेवग्यावर पोळं आहे. स्मिता त्या माश्यांसाठी रोज बशीत खडे घालून पाणी ठेवते. घरी येऊन जाहीर केलं : या परसात एकही मधमाशी मरणार नाही. स्मिता हसली. बऱ्याच महिन्यांनी. फार बरं वाटलं.

१३ जुलै, रविवार
तोडगा सापडला. जाळी! चार मच्छरदाण्या आणून शिवून घेतल्या, बांबू उभे केले, कडा मातीत पुरल्या. आता भुंगेरा आत कसा येतो बघू. नरसिंहला, म्हणजे माझ्या वॉकच्या पार्टनरला, फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

स्मिताने विचारलं, मधमाश्या आत कशा जाणार? चांगला प्रश्न. जाळीला चेनचं दार केलं आहे. फुलं आली की रोज एक तास दार उघडणार.

२७ जुलै, रविवार
पहिली फुलं. पिवळीधमक. मधमाश्यांची वेळ ठरवली : सकाळी दहा ते अकरा. सहाला वॉक, मग नरसिंहबरोबर दर्शिनी हॉटेलात उभ्याउभ्या इडली-कॉफी, पेपर, अंघोळ, पूजा. त्यामुळे दहा हीच सर्वांना सोयीची वेळ. फळ्यावर लिहून जाळीला टांगलं. खाली रोजचा आकडा लिहायची जागा ठेवली. आज : मधमाशी अपघात शून्य.

३ ऑगस्ट, रविवार
अपघात शून्य. सलग आठ दिवस. फॅक्टरीतसुद्धा असं रेकॉर्ड नव्हतं.

वेलीवर गोटीएवढे तीन भोपळे. स्मिताला हाका मारून दाखवले. तिने हात लावला नाही, नुसती बघत राहिली.

९ ऑगस्ट, शनिवार
तिन्ही पिवळे पडून गळले. फळमाशी असणार. औषधांच्या दुकानातून सापळ्याच्या दोन बाटल्या आणून टांगल्या.

भुंगेरे अजून आहेत. जाळीच्या आत. कुठून आले कळत नाही, सगळ्या कडा पक्क्या आहेत. अक्का म्हणाल्या, त्यांची अंडी मातीतच असतात, तुम्ही त्यांना घर बांधून दिलंत, आता चिमणीसुद्धा खाणार नाही. अक्कांना विनोद करायची सवय आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
आज वॉक ग्रुपपुढे 'मधमाशीस्नेही बाग' यावर दहा मिनिटं बोललो. टाळ्या. एकाने विचारलं, रोज किती मधमाश्या येतात? मी सांगितलं, आमचा भर संख्येवर नाही, सुरक्षेवर आहे.

गळलेले भोपळे : एकूण अकरा.

घरी आल्यावर स्मिता म्हणाली, "फुलं पहाटे उमलतात, नऊला मिटतात. मिटल्यावर दार उघडून काय उपयोग?" सुट्टीच्या दिवशी वाद नको म्हणून विषय बदलला.

१७ ऑगस्ट, रविवार
खात्री करावी म्हणून वॉकच्या आधी, पहाटे पाचला उठायचं ठरवलं. अलार्म लावला. वाजलाही असणार.

साडेनऊला जाऊन पाहिलं. फुलं मिटलेली. पण हे एकाच दिवसाचं सॅम्पल आहे, यावरून निष्कर्ष काढणं घाईचं होईल.

२४ ऑगस्ट, रविवार
हाताने परागीभवन. व्हिडिओ पाहिला, सोपं आहे. दाढीचा नवा ब्रश घेतला. पावणेअकराला मिटलेली फुलं बोटांनी उघडून एकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, असं चौदा फुलांना केलं. कंबर धरली. स्मिता कपडे वाळत घालता घालता म्हणाली, ही सगळी नर फुलं आहेत. ज्याच्या बुडाशी छोटा भोपळा असतो ते मादी.

हे व्हिडिओत नीट सांगितलं नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार
अक्कांच्या भिंतीवर कसलीशी वेल चढली आहे. पानांवर राख फासलेली, दिसायला अगदी गबाळं काम. सात वाजता दूध घ्यायला गेलो तेव्हा तिकडे मधमाश्यांची ही गर्दी! काही नियंत्रण नाही, वेळापत्रक नाही. अपघात व्हायला किती वेळ लागणार? अक्कांना सूचना केली. त्या म्हणाल्या, सरी सरी. म्हणजे बरं बरं.

अक्कांच्या भिंतीपाशी बऱ्याचदा स्मिताही उभी असते. बायकांना गप्पा मारायला कुठलीही जागा चालते.

११ सप्टेंबर, गुरुवार
एक वेल पूर्ण वाळली. उपटल्यावर मुळांत अळ्या दिसल्या. उरलेल्या तिन्हींवर भुंगेरे. आजचा आकडा लिहायला फळ्यापाशी गेलो, खडू हातात धरून थोडा वेळ उभा राहिलो. शून्यच लिहिला. खोटा नव्हता.

१८ सप्टेंबर, गुरुवार
संग्रामचा फोन. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोचतोय. म्हणाला, भावजी, आईच्या भोपळ्याचे घारगे खाल्ल्याशिवाय परत जाणार नाही. मी म्हटलं, ये ये, प्रोसेस सुरू आहे.

फोन ठेवला तर स्मिता दारात उभी. मी बाजारातून एक बरासा भोपळा आणावा का, असा विचार बोलून दाखवला. कोणाला कळणार आहे? ती म्हणाली, "मला कळेल."

एवढंच. आत निघून गेली. रागावली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

२१ सप्टेंबर, रविवार
जाळी काढली. बांबू काढले. सगळ्या वेली गेल्या. पाच बिया होत्या, पाचच. तिला लावू दिल्या असत्या तर काय बिघडलं असतं? हे इथेच लिहितो, मोठ्याने बोलायची माझी छाती नाही. फॅक्टरीत बॅच गेली तर दुसरी काढता यायची.

पहाटे सहाला वॉकला न जाता परसात आलो. कशासाठी ते माहीत नाही. काहीच करायचं नव्हतं. भिंतीपलीकडे मधमाश्यांचा आवाज येत होता, तो ऐकत पायरीवर बसलो.

१ ऑक्टोबर, बुधवार. आयुधपूजा
संग्राम सकाळी आला. चहा झाला. आता सांगून टाकायचं म्हणून घसा खाकरला, तेवढ्यात अक्कांनी भिंतीवरून हाक मारली. स्मिता आणि संग्राम दोघं गेले. दोघांनी मिळून भिंतीवरून एक भोपळा उतरवून घेतला. हा मोठा. चपटा, खोल खाचांचा, तपकिरी. संग्राम तो मांडीवर घेऊन बसला आणि म्हणाला, आईचाच गं.

मी विचारलं, हा अक्कांकडे कसा? स्मिता म्हणाली, वेल पाहून या.

गेलो. बुंधा मनगटाएवढा झालेला, खाली राखेचा थर, शेजारी साबणाच्या पाण्याचा डबा. आणि बुंध्याला सुतळीने सैल बांधलेला, पावसाने फिका पडलेला लाल टॅग. रिजेक्ट. बावीस जून. सही माझी.

अक्का म्हणाल्या, स्मिताने त्याच दिवशी रोप भिंतीवरून दिलं होतं. सुतळी करकचू लागली की ती दर आठवड्याला सैल करायची, पण टॅग काढू द्यायची नाही. मी विचारलं, का? अक्का म्हणाल्या, तुम्ही नोंदीशिवाय काही मानत नाही म्हणे.

दुपारी घारगे. मला भोपळा किसायचं काम मिळालं. अक्कांनाही जेवायला बोलावलं होतं. मी मुळात रोप रिजेक्ट केलं म्हणूनच ते वाचलं, असा एक मुद्दा मांडावासा वाटला. तोंडात घारगा होता, राहिला.

संध्याकाळी स्मिताने बिया धुऊन कापडावर पसरल्या. निम्म्या संग्रामच्या. निम्म्या वाळल्या की राखेच्या डब्यात जातील. डब्यावर काय लिहू, तिने विचारलं. मी तो लाल टॅग घेऊन आलो. 'रिजेक्ट' खोडलं, वर 'विठाबाई' लिहिलं, आजची तारीख घातली.

माझी सहीपण खोडली. पेन तिच्या हातात दिलं.