लालबागचे वीस बिल्ले

२ नोव्हेंबर १९९२, सोमवार

आज लालबाग पॅलेस रिकामा पाहिला! सोमवारी तो बंद असतो. आत फक्त आम्ही तिघं — आमच्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी अच्युतकाका, इरावती आणि मी. शिवाय एक चौकीदार. तो सारखा मलाच — "भिया, हाथ मत लगाना." मी कशाला हात लावतोय? माझे हात खिशात होते.

एकवीस वर्षं इंदुरात काढली आणि आत एकदाही गेलो नव्हतो. मोठं लोखंडी फाटक बाहेरून बघायचं आणि सायकल वळवायची. आज बॉलरूमच्या मधोमध उभा राहिलो. वर छतावर रंगवलेले ढग, बाया, घोडे. खाली लाकडी जमीन, तिच्याखाली म्हणे स्प्रिंगा आहेत, नाचणाऱ्यांचे पाय दुखू नयेत म्हणून. काका पुढे गेल्यावर इरावतीने हळूच एक उडी मारली. "हृषी, जमीन परत ढकलते रे!" मीही मारली. खरंच ढकलते!

योजना अशी — रविवारी मराठीतून फेरी. वीस-वीस जणांचा गट, दर अर्ध्या तासाला एक, तिकिटावर वेळ छापलेली. माहिती इरावती लिहिणार (ती इतिहासात एम.ए. करतेय), बोलणार मी. पॅलेसच्या साहेबांनी दोन रविवार ट्रायल म्हणून दिलेत, आठ आणि बावीस तारीख. नीट पार पडलं तर दर रविवारी. आणि मग मंडळ एक माणूस पगारावर ठेवणार. काका म्हणाले, "तो तूच. पण डोकं ताब्यात ठेवायचं."

ठेवीन. पगार हातात आला की इरावतीच्या वडिलांसमोर जाऊन बसायचं. आज लिहून ठेवतो, म्हणजे नंतर पळता येणार नाही.

३ नोव्हेंबर

इरावतीने अकरा पानं दिली. मोत्यासारखं अक्षर. बडा गणपतीजवळच्या तिच्या घराच्या ओट्यावर बसून वाचून दाखवली. "हा जो झूमर आहे ना, तो एकदम..." इथपर्यंतच आलो. "झुंबर!" मग मी 'खिडकी के उस पार' म्हणालो तर कपाळाला हात लावला. म्हणे, "तुझं मराठी म्हणजे इंदुरी पोहे. वरची शेवच इतकी, की खालचे पोहे दिसतच नाहीत."

मी म्हटलं, "पण खातेस ना?"

पान उलटलं तिने. हसू लपवायला. मी पाहिलं.

५ नोव्हेंबर

अकरा पानं तोंडपाठ. आईला म्हणून दाखवली. ती भाकऱ्या थापता थापता, "खान नदीच्या पलीकडे स्वयंपाकघर? आणि ताटं जमिनीखालच्या बोगद्यातून यायची? मग वरण गार नाही व्हायचं?" हा प्रश्न अकरा पानांत नाही! उद्या इरावतीला विचारायला हवा.

बाबा ओसरीत पेपर घेऊन बसले होते. ऐकत असतील, नसतील. कापडाची मिल बंद झाली त्याला अकरा महिने होत आले. बाबा तिथे टाइम ऑफिसात, हजेरीच्या कामावर होते, सत्तावीस वर्षं. चार हजार माणसं त्यांना गोपीबाबू म्हणायची. आता रोज सकाळी गेटवर जातात, कामगारांची मीटिंग असो-नसो. कुणी विचारलं काय करता, तर — "मिलमध्ये आहे." आहे! गेटला कुलूप आहे. मागच्या महिन्यात काकांनी एका दुकानातलं काम सुचवलं तर म्हणाले, "मिल उघडली म्हणजे मला लगेच जावं लागेल. कशाला कुणाला अडचणीत टाकायचं?"

मला राग येतो. पण मी कोणत्या तोंडाने बोलू? बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला सरांनी भर वर्गात "मिलवालों के लड़के अब ठेला लगाएँगे" म्हणून सगळ्यांना हसवलं. मी हजेरीचं रजिस्टर त्यांच्या टेबलावरून उचलून खिडकीबाहेर फेकलं. मग माफीनामा लिहून मागितला, तो दिला नाही. मग गेलोच नाही. दोस्तलोक पीथमपूरच्या कारखान्यांत लागतायत, घराघरांत केबल येतेय, सगळे म्हणतात आता नवा जमाना. आमच्याकडे एक माणूस ओसरीत आणि एक सायकलवर.

७ नोव्हेंबर

उद्या! झोप येईल असं वाटत नाही.

८ नोव्हेंबर, रविवार

सत्यानाश.

तिकिटांवर वेळा छापल्या होत्या — साडेदहा, अकरा, साडेअकरा, बारा. खाली मीच हौसेने एक ओळ घातली होती: 'कृपया वेळेपूर्वी यावे.' ऐंशीच्या ऐंशी माणसं दहाला हजर! सुदामा नगरवाले तर टेम्पो करून आले, पोहे-जिलबीचे पुडे घेऊन. "लवकर आलं की नंबर लागतो ना!" अहो, नंबर छापलाय तिकिटावर!

मग दुसरं. मी तिकिटं गठ्ठ्यातून वरची-वरची काढून दिली होती, त्यामुळे सासूबाई साडेदहात आणि सून बारात. "आम्ही आलो एकत्र, बघणार एकत्र." पहिल्या गटात वीसच्या जागी चौतीस आत गेले. आणि आत गेलेला बाहेर येईना. अर्धे बॉलरूममध्ये उड्या मारत बसले (ही जमिनीची गंमत मीच सांगितली होती). दुसरा गट मागून आला. अरुंद जिन्यावर दोन्ही गट समोरासमोर, वरचे खाली येईनात, खालचे वर जाईनात. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता.

तेवढ्यात दिसलं — एक गृहस्थ, सफारी सूट घातलेला, पोह्यांचा पुडा चक्क संगमरवरी टेबलावर ठेवून खातोय. तेल लागलेला कागद! शंभर वर्षांच्या दगडावर! मी म्हटलं, उचला. तो म्हणाला, "तेरे बाप का टेबल है क्या?"

कॉलर धरली. हलवलं-बिलवलं नाही, नुसती धरली. पण धरली.

ज्यांनी तिकिटं फुकट छापून दिली ते हेच. काकांनी तिथल्या तिथे हात जोडले त्यांच्यापुढे. साहेब लांबून बघत होते. जाताना काकांना एवढंच — "बाईस को आख़िरी मौक़ा. ऐसा हुआ तो बंद."

इरावती माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

९ नोव्हेंबर

आज बोलली. न बोलती तर बरं झालं असतं.

"टेबलाबद्दल तुझं बरोबर होतं. पण तू ना, हृषी, प्रत्येक गोष्ट बरोबर असताना अर्ध्यात फेकून देतोस. कॉलेज फेकलंस. काल हे फेकलंस. एक काहीतरी शेवटपर्यंत कर. मला बघायचंय."

मला बघायचंय! ह्या शिव्या होत्या की दुसरं काही? सायकल हातात धरून घरापर्यंत चालत आलो. बसायचं सुचलंच नाही.

काका मला काढणार होते. तिने सांगितलं म्हणे, अकरा पानं पाठ असलेला दुसरा माणूस आणा आणि मग काढा.

११ नोव्हेंबर

आज घरात नवल झालं.

मी जमिनीवर कागद पसरून वेळांची कोष्टकं आखत होतो. पावणे अकरा, सव्वा अकरा, मध्ये दहा मिनिटं सोडून. चौथा कागद फाडला तेव्हा बाबा ओसरीतून म्हणाले, "घड्याळाने नाही होत ते."

मी ऐकून सोडून दिलं. ते आत आले. कितीतरी महिन्यांनी माझ्याशेजारी जमिनीवर बसले.

"आत किती माणसं आहेत हे घड्याळ सांगतं का? बोर्ड सांगतो. आमच्याकडे प्रत्येकाचा पितळी बिल्ला असायचा. आत जाताना खिळ्यावरून काढायचा, बाहेर पडताना परत लटकवायचा. एक खिळा रिकामा दिसला की समजायचं, कुणीतरी आत राहिलंय. यंत्रात अडकलंय, झोपलंय, काय झालंय बघा. खिळा भरल्याशिवाय मी टाइम ऑफिस सोडलं नाही. एकदाही."

आणि मग घडाघडा — तिकिटावर वेळ नको, रंग टाका. लालवाले, पिवळेवाले, हिरवेवाले. तिकीट देतानाच विचारायचं, तुमच्याबरोबर कोण कोण? एका घरची माणसं एका रंगात. आत जायला एक दार, बाहेर यायला दुसरं, बोर्ड मध्ये. बोर्ड भरला की पुढचा रंग आत. बाहेर थांबलेल्यांना बाकं द्या, पोहे तिथेच खाऊ द्या. "भुकेला माणूस रांगेत भांडतो."

एवढं तर ते वर्षभरात बोलले नव्हते! चार हजार माणसं दिवसातून तीनदा एका गेटमधून आत-बाहेर करायचा हा माणूस, आणि मी ऐंशींसाठी कागद फाडत होतो. लाज वाटली. आणि छाती पण फुगली, खोटं कशाला बोलू.

१४ नोव्हेंबर

बाबांनी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बिल्ले केले. एका गटाला पुरतील असे वीस, तेच परत पुढच्या रंगाला. कडा कानशीने घासल्या, बायकांच्या साड्या अडकू नयेत म्हणून. नंबर घातलेत ते इतके सरळ की छापल्यासारखे. आई म्हणाली, "माझ्या डब्याचं झाकण पण घेतलंत?" बाबा म्हणाले, "एकोणीस, वीस त्यातच निघाले." आई हसली. मी तिच्याकडे बघतच राहिलो.

इरावतीला बोर्ड दाखवला. तिने एकेका खिळ्यावर बोट फिरवलं. "हे तुझ्या बाबांनी? मी पानांत राजांचंच लिहीत बसले."

१८ नोव्हेंबर

मी बाबांना विचारलं, बावीसला बोर्डापाशी उभे राहाल का? म्हणाले, गेटवर मीटिंग आहे.

२१ नोव्हेंबर

बाबांनी पांढरा शर्ट इस्त्री करून खुंटीला लावलाय.  

२२ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहितो. काही सोडायचं नाही.

बाबा मीटिंग सोडून पांढऱ्या शर्टात बोर्डापाशी उभे. लाल गट गेला, वीस बिल्ले परत आले. पिवळा गेला. मी बोलत होतो आणि लोक खरंच ऐकत होते! एका आजोबांनी वरणाचंच विचारलं. मी म्हटलं, आमच्या आईलाही हीच शंका आहे. सगळे हसले. इरावती मागे उभी होती, तीही.

पिवळा गट बाहेर आला आणि बोर्डावर एकोणीस. सतरा नंबरचा खिळा रिकामा.

हिरवेवाले दारात उभे. त्यांत पुढे तेच सफारी सूटवाले! "अरे छोड़ो भिया, आ जाएगा पीछे से." काकाही म्हणाले, "गोपीनाथ, जाऊ द्या, साहेब बघतायत." माझं डोकं तापायला लागलं. पण बाबा बोर्डासमोर हात मागे बांधून उभे, आवाज जराही न चढवता, "एक खिळा रिकामा आहे. जाता येणार नाही." पुन्हा कुणीतरी काहीतरी म्हणालं. पुन्हा तेच, तितक्याच मऊपणे. आणि बाकाकडे हात दाखवून, "बसा ना साहेब. जिलबी गरम आहे." सफारी सूट बसला! मला कॉलर धरून जे जमलं नाही ते यांनी जिलबीवर केलं.

मी आणि इरावती शोधायला धावलो. मागच्या बाजूला नदीकडच्या खिडकीपाशी वसुंधरामावशी उभ्या होत्या, मंडळातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या. बिल्ला मुठीत घट्ट. म्हणाल्या, "माझे वडील पलीकडे त्या स्वयंपाकघरात होते रे. आम्ही पोरं तिकडून ही खिडकी बघायचो. इथून तिकडे कसं दिसतं ते आज कळलं." इरावतीने त्यांचा हात धरला. घाई केली नाही. मीही नाही केली — मी!

मावशींनी स्वतः बिल्ला खिळ्यावर अडकवला. बाबा म्हणाले, "हिरवे, चला."

शेवटी साहेब बोर्डापाशी येऊन उभे राहिले. "यह सिस्टम किसका है?" काकांनी बाबांकडे बोट दाखवलं. साहेब म्हणाले, "हर इतवार कीजिए. इसी तरह."

जिंकलो!

आता जे राहिलंय ते. हिरव्या गटात रामभाऊ होते, मिलच्या बॉयलरवरचे. बाबांना बघून थबकलेच. "गोपीबाबू! तुम्ही इकडे कुठे?" मी दोन पावलांवर होतो. वाटलं, आता नेहमीचं उत्तर येणार. बाबांनी त्यांच्या हातात बिल्ला दिला आणि म्हणाले, "ड्यूटी आहे."

घरी येताना रस्ताभर तोच शब्द ऐकू येत होता. आईला सांगितला नाही. सांगायला लागलो तर रडू येईल असं वाटलं.

२३ नोव्हेंबर

इरावती म्हणाली, "केलंस शेवटपर्यंत." आणि मग, बाजूला बघत, "माझे बाबा बुधवारी संध्याकाळी घरी असतात."

बुधवार म्हणजे परवा!!

२४ नोव्हेंबर, मंगळवार

अच्युतकाका मंडळाचा कागद घेऊन आले. पगारी माणूस एकच, एक डिसेंबरपासून. नावाची जागा कोरी होती. "लिही तुझ्या हाताने," म्हणाले. बाबा गेटवर गेले होते. मी पेन घेतलं आणि लिहिलं — गोपीनाथ. काका चष्म्यावरून बघत राहिले. मी म्हटलं, बोलायला मी तसाच येईन, दर रविवारी.

इरावतीच्या वडिलांना दाखवायला आता माझ्याकडे काहीच नाही. उद्या बुधवार. जाणार आहे.