नऊ गेली, आठ पोचली

मंगळवार, ६

घडलं ते असं —

१. सकाळी बाबांचे जुने रिपोर्ट शोधायला त्यांच्या कॉम्प्युटरवरचा ईमेलचा प्रोग्राम उघडला.
२. 'आउटबॉक्स'पुढे आकडा होता : ९.
३. सर्वांत वरचं पत्र मार्चमधलं, दादाला लिहिलेलं.
४. नऊपैकी एकही गेलेलं नव्हतं.
५. बाबांना न विचारता, काहीही न वाचता, मी 'सगळी पाठवा' दाबलं. अकरा सेकंदांत आकडा नाहीसा झाला.

पाचवं करायला नको होतं. पण बाबा आणि दादा दोन वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत, आणि नऊ पत्रं माझ्यामुळे अडकली होती.

माझ्यामुळेच. तीन वर्षांपूर्वी सगळे म्हणत होते, ब्राउझरमध्ये मेल उघडा, झालं. मी ऐकलं नाही. तेव्हा इंटरनेटची लाइन सारखी जायची. एका बोटाने तासभर टाइप केलेलं बाबांचं पत्र डोळ्यांदेखत उडायचं. प्रोग्राममध्ये ते आपल्याच डिस्कवर राहतं. शिवाय आपली पत्रं आपल्या घरात असावीत — हे माझं मत. म्हणून अशी सोय केली : बाबांनी 'पाठवा' दाबलं की पत्र आउटबॉक्समध्ये थांबायचं, आणि रविवारी लाइन नीट असताना मी सगळी एकदम सोडायची.

"तुम्ही फक्त 'पाठवा' दाबा. बाकीचं मी बघते."

गेल्या वर्षी नवी लाइन आली. माझे रविवार बंद झाले. सेटिंग तसंच राहिलं. येणारी पत्रं आपोआप येत होती, त्यामुळे कुणालाच शंका आली नाही.

मला तरी यायला हवी होती.

बुधवार, ७

दादाचा फोन. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून सगळी वाचली म्हणाला. त्याला वाटत होतं, बाबांनी त्याचं नावच टाकलंय. मग नेहमीसारखा चिडवायला लागला — पोस्टमन नसलेलं पोस्ट ऑफिस काढलंस तू!

बाबा ऑपरेशनला नाही का म्हणतायत, असं त्याने विचारलं. मलाही माहीत नाही. हृदयाची झडप बदलायची आहे, आणि एप्रिलपासून त्यांचं एकच : नको म्हणजे नको.

"आठही पत्रांत ऑपरेशनचा शब्द नाही," दादा म्हणाला.

आठ? मी म्हटलं, नऊ. त्याने पुन्हा मोजली. आठच.

गुरुवार, ८

बाबांना सांगितलं. ते खिडकीपाशी पेपर वाचत होते. मी सगळं क्रमाने सांगितलं, जसं कामावर चूक झाल्याचा अहवाल देते तसं. ते रागावले नाहीत. पेपरची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"म्हणजे त्याला मिळालीच नव्हती. मला वाटलं, वाचून गप्प बसलाय."

चष्मा काढून म्हणाले, "सगळीच अडकली होती?"

सगळीच, मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले. मग चष्मा पुसायला घेतला. काच स्वच्छच होती.

दुपारी हॉस्पिटलचा फोन. बेड शनिवारी दुपारपर्यंतच राखून ठेवतील, पुढे दीड महिना तारीख नाही. डॉक्टरांच्या मते दीड महिना थांबणं धोक्याचं. आत्या येऊन तासभर समजावून गेली. जाताना मला दारात म्हणाली, "तुझ्या त्या वजनकाट्यांच्या नादात बापाकडे बघतेस तरी का?"

मी दार लावून घेतलं.

शुक्रवार, ९

आमच्या प्रयोगशाळेत वजनकाटे तपासतात; म्हणून बाबा मला मापाडी म्हणतात. एक मिलिग्रॅम जरी जुळला नाही, तरी टेबलावरून उठायचं नाही, असा शिरस्ता. नऊ गेली, आठ पोचली. आज त्यासाठी लवकर घरी आले.

बाबांच्या 'पाठवलेली'मध्ये नऊच्या नऊ आहेत. या वेळी प्रत्येकाचा पत्ता बघितला. मंगळवारीच बघायला हवा होता. तिसऱ्यावर तारीख ११ एप्रिल.

पत्ता माझा.

माझ्या लॅपटॉपवरही असाच प्रोग्राम आहे, माझ्या नियमांनी चालणारा. आउटबॉक्सची सोय करण्यापूर्वी बाबा मला कामाच्या वेळी बातम्यांची कात्रणं पाठवायचे. तेव्हा मी एक नियम घातला होता : बाबांचं काहीही आलं की सूचना न देता 'घर' नावाच्या फोल्डरमध्ये टाकायचं. ते मी सवडीने उघडणार होते.

पत्र तिथेच आहे. मंगळवारपासून.

शुक्रवार, संध्याकाळ

"मापाडी, तुझ्यासमोर बोलायला जमत नाही, म्हणून लिहितोय. डॉक्टर झडप बदला म्हणतात. नंतर तीन महिने माझं सगळं कुणालातरी करावं लागेल, म्हणजे तुलाच. तुला आत्ताच कुठे चांगलं काम मिळालंय. जमणार नसेल तर उत्तर देऊ नकोस, मी समजेन. रागावणार नाही. जमणार असेल तर रविवारपर्यंत दोन ओळी लिही."

मी उत्तर दिलं नाही. ते समजले.

आत्ता उत्तर लिहून पाठवलं, भिंतीपलीकडच्या खोलीतल्या बाबांना :

"बाबा, तुमचं ११ एप्रिलचं पत्र आज वाचलं. जमेल. मला तुम्ही हवे आहात. बेड उद्या दुपारपर्यंत आहे. कृपया शनिवारी सकाळी नऊच्या आत उत्तर द्या. लिहून नको. दार उघडं ठेवते."